समोरच्या बाजूने

३ मार्च

नाही, तू माझी समजूत घालू नकोस. कागद आहेस, कागदासारखा पडून राहा. काल इथेच लिहिलं ना, होईल सगळं नीट म्हणून? कुठे झालं? आज मुख्याध्यापिकाबाईंनी सांगून टाकलं. पुढच्या मंगळवारी वरून तपासनीस येणार. ज्याला एक परिच्छेद वाचता येणार नाही, त्याची रवानगी खालच्या वर्गात.

माझ्या जादा वर्गातली बाकीची तरतील. महामारीत बुडालेलं बरंच भरून काढलंय त्यांनी. प्रश्न आजीबाईचा. आहे पाचवीत, पण बोलणं साठीचं, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तोंडी गणितं माझ्या आधी सोडवते. पुस्तक पुढे ठेवलं की गप्प.

"अक्षरं दिसतायत ना?"

"दिसतात की, ताई. मुंग्यांसारखी."

डोळे तपासून झालेत. नजर घारीची.

५ मार्च

तिची आई आली. कामावरून तशीच, हातमोजे कमरेला खोचलेले. "दुसरीत बसवणार म्हणे. तिथे हिचा धाकटा भाऊ आहे, मॅडम. घरी राहिली तर हिला कामाला लावायला काका टपलेलेच आहेत."

मागून आजीबाई — "धाकट्याच्या वर्गात मी बसायची नाही. आत्ताच सांगून ठेवते."

आईने तिला गप्प केलं नाही. तेच जास्त लागलं.

६ मार्च

आमचा वर्ग म्हणजे जिन्याखालची खोली. एकच टेबल. पोरं शुद्धलेखन उतरवतात तेव्हा मी तुझ्यात खरडते. आजीबाई माझ्या बरोबर समोर.

मुख्याध्यापिकाबाई डोकावून गेल्या. आजीबाई फिस्सकन हसली. "इस्त्रीबाईंची आज घडी मोडलीय."

माझं पेन थांबलं. इस्त्रीबाई! बाईंना मी ठेवलेलं हे नाव कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. फक्त इथे लिहिलंय.

वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं. गोष्टीचं पुस्तक उघडलं — माझ्याकडून सरळ, तिच्याकडून उलटं. "वाच."

वाचलं. धडाधड, जोडाक्षरांसकट.

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही पुस्तक फिरवून देता ना. आणि दादा म्हणायचा, तुझं उलटं, ते काही खरं वाचणं नाही."

शाळा बंद होत्या तेव्हा घरात एकच फोन. दादा तो मांडीवर घेऊन, बोट ठेवून मोठ्याने वाचायचा. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन. ही समोर, धाकट्याला थोपटत. तिथूनच शिकली. शाळा उघडली आणि आम्ही सगळे प्रेमाने तिच्यापुढे पुस्तक सरळ करून ठेवत राहिलो.

आणि हो, तुझी बरीच पानं वाचलीयत कार्टीनं.

८ मार्च

मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले.

"उलटं वाचते? पाहुण्यांपुढे सर्कस करायचीय का?"

"तिला फक्त कागद फिरवू द्या, बाई."

"पुस्तक सरळ धरून वाचतात. उद्या विचारतील, हेच शिकवता का म्हणून. आणि तुमचं पुढच्या वर्षीचं काम माझ्या सहीवर आहे, तेवढं ध्यानात ठेवा. परीक्षेच्या दिवशी पोरांशी एक शब्द बोलायचा नाही. मी स्वतः बसणार खोलीत."

१० मार्च

उलटं पुस्तक जरा जरा सरळ करत वाचायला लावलं. अर्ध्यावर आली आणि कपाळावर घाम. जमेल तिला. पण वेळ लागेल, आणि तपासनीस उद्या येतायत.

जाताना म्हणाली, "उद्या मी गप्प बसले तर रागवाल?"

"बिनधास्त कागद फिरव आणि वाच" म्हणायला तोंड उघडलं. सही आठवली. मिटलं.

११ मार्च

आजीबाई, आजचं हे तुझ्यासाठी. बाई खिडकीपाशी बसल्यात, म्हणून तोंडाने सांगत नाही. मान वर करू नकोस, हसू नकोस. कागद पुढे आला की उचल, फिरव आणि मोठ्याने वाच. कुणी थांबवलं तर सांग, ताईंनी सांगितलंय. नाव माझं घे.

वही अशीच उघडी ठेवून मी बाहेर चाललेय.