शेजारी बसवायची की पुसून?

३ ऑगस्ट, सोमवार

कॉम्प्युटर मेला नाही. मेला असता तर एकदाच हळहळून मोकळा झालो असतो! नुसतं पडद्यावर आलंय — या सिस्टीमची मुदत संपली, यापुढे आमची जबाबदारी नाही, नवी घ्या. नवी घ्यायला गेलो तर म्हणे तुमचं मशीन त्या लायकीचं नाही. चांगलं चालतंय, तरी कुणाला नको. या वयात हे मला शिकवायला मशीनच पाहिजे होतं!

दुपारी समोरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंना मी मनात डॉक्टरीणबाई म्हणतो. पेशंटला हात लावण्याआधी पाच मिनिटं नुसत्या बघत बसतात.

“टाकून कशाला देताय चष्मेवाले? दुसरी सिस्टीम येते, लिनक्स, ती टाका. फुकट असतं. जगभरचे लोक मिळून बनवतात, मालक असा कुणी नाही.”

फुकट ते पौष्टिक! लगेच हो म्हणालो. मग कळलं, लिनक्स एक नाही, शेकड्यांनी आहेत. आणि निवडायचं म्हणे ज्याचं त्यानं.

४ ऑगस्ट

मला एकच पाहिजे. रविवारी अकराचा व्हिडिओ कॉल चालला पाहिजे. बाकी सगळं बंद पडलं तरी माझी तक्रार नाही.

लेकीला मूल व्हायचं होतं म्हणून ही तिच्याकडे गेली, गेल्या वर्षी जूनमध्ये. दोन महिन्यांसाठी. नात आता धरून धरून चालते. आधी ही म्हणाली, बाळ जरा मान धरू दे. मग लेकीची नोकरी सुरू झाली. मग दात आले. आता काय चाललंय ते विचारायचं मी सोडून दिलंय.

५ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंनी तीन स्टिका दिल्या, पेनड्राइव्हच्या. प्रत्येकीवर एक लिनक्स. स्टिक लावायची, मशीन चालू करायचं, सिस्टीम नुसती वापरून बघायची. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. आवडली तर बसवायची, नाहीतर स्टिक काढली की सगळं पहिल्यासारखं.

हे तर माझंच काम! पस्तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात हेच करतोय. चाचणीच्या चौकटीत काच घालायची, “ही बरी की ही?” पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. गिऱ्हाईक घाई करतं, आपण करायची नाही.

त्यांची खरी नावं लक्षात राहत नाहीत. पडद्याच्या रंगावरून हिरवी आणि जांभळी. तिसरीच्या पडद्यावर काहीच नाही, ती हडकुळी.

७ ऑगस्ट

हिरवी. दिसायला देखणी. इंटरनेट लगेच सापडलं. आवाज मात्र नाही! तासभर डोकं फोडलं. नाकी नऊ आले. शेवटी दिसलं, स्पीकरची वायर मीच हलवाहलवीत काढून ठेवलेली. काखेत कळसा! घरात हसायला कोणी नव्हतं. मीच हसलो, पण एकट्यानं हसून मजा येत नाही.

९ ऑगस्ट, रविवार

कॉल झाला, जुन्याच सिस्टीमवर. “जेवलात का? गोळ्या घेताय ना?” — मग नातीला पुढे केलं. नातीनं पडदा चाटला. मी लिनक्सचं सांगायला लागलो. ही म्हणाली, “बाई गं! आता हे कुठलं खूळ?” — पण ऐकत नव्हती, मान दुसरीकडे होती. मागून लेकीनं कसलं तरी विचारलं. हिनं तिकडे जे उत्तर दिलं ना, त्या आवाजात हसू होतं. माझ्याशी बोलताना ते नसतं.

सात मिनिटं.

११ ऑगस्ट

जांभळी बघितली. हिला सगळं येतं, पण आमच्या मशीनला झेपत नाही. एक खिडकी उघडायला चहा पिऊन होतो. आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, “एवढा अभ्यास शाळेत केला असतात तर!” मी म्हटलं, शाळेत असताना घरी वाट बघायला माणसं होती, अभ्यासाला वेळ कुठला?

उगाच बोललो.

१३ ऑगस्ट

हडकुळी! कळ दाबायचा अवकाश, हजर. कॅमेरा चालतो, आवाज चालतो, मराठी टाइप होतं. माझंच थोबाड पडद्यावर बघून दचकलो. किती वाळलोय. कोणी सांगितलं नाही.

ठरलं. हडकुळीच बसवायची.

१४ ऑगस्ट

ठरलं कसलं! बसवायला घेतलं आणि पहिल्याच पडद्याला घोडं अडलं. विचारतेय — जुन्या सिस्टीमच्या शेजारी बसवू, की सगळं पुसून बसवू?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पुसून बसवा. तुमची डिस्क लहान आहे. दोघींना एका खोलीत कोंबलंत तर दोघीही कुरकुरतील.”

पण डिस्कवर हिचं आहे सगळं. मशीन चालू केलं की दोन नावं येतात, एक माझं, एक हिचं. हिची शिवणाची शिकवणी होती ना, तिचे सगळे नमुने, पंधरा वर्षांत आलेल्या बायकांची मापं, फोटो, सगळं हिच्या नावाखाली. मी कधी उघडलं नाही. पासवर्डही ठाऊक नाही. दुसऱ्याच्या कपाटात हात घालू नये. बायको झाली म्हणून काय झालं?

शेजारीच बसवणार. कुरकुरल्या तर कुरकुरू देत. ही परत आली, शिकवणी सुरू करायची म्हणाली, तर तोंड कसं दाखवू?

१६ ऑगस्ट, रविवार

कॉलमध्ये विचारलं, “अगं, तुझा पासवर्ड काय? तुझ्या फायली नीट ठेवाव्या म्हणतो.”

“पुसून टाका हो. काही नाही त्यात.”

“अगं, शिकवणीचं सगळं आहे ना!”

“कोण शिवतंय आता? राहू द्या. पुसा सगळं, मशीन तुमच्यापुरतं करून घ्या.” मग लगेच, “जेवलात का?”

हिचं जन्माचं असंच. ताटातलं शेवटचं दुसऱ्याला वाढायचं आणि म्हणायचं, मला भूकच नाही. मी बरा ऐकतोय! पंधरा वर्षांची मेहनत पुसून टाकू?

आज बारा मिनिटं बोललो. गेल्या वेळेपेक्षा पाच जास्त. लिनक्सनं एवढं तरी दिलं.

१८ ऑगस्ट

शिवणयंत्रावरची धूळ पुसली. कॉम्प्युटरच्या शेजारची खुर्चीही. उगाच.

२० ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, बायकोचा पासवर्ड मिळत नाही. त्या हसल्या. “अहो, स्टिकवरून चालू केलंत की जुन्या डिस्कवरची सगळी खोकी, म्हणजे फोल्डर, उघडी दिसतात. तुमच्या डिस्कला वेगळं कुलूप नाही. त्यांच्या फायली एका रिकाम्या स्टिकेवर उतरवून घ्या, मग पाहिजे ते करा.”

म्हणजे इतके दिवस हिरवी-जांभळी करत होतो तेव्हा दार उघडंच होतं! बरं वाटलं नाही. पण वाचायचं काही नाही, नुसतं उतरवायचं. मोठी स्टिक आणली. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, हिचं नाव घातलं. अक्षर बरं येईना म्हणून दोनदा लिहिली.

२२ ऑगस्ट

दुकानातून लवकर निघालो. उद्या रविवार. सकाळी फायली उतरवायच्या, अकराच्या आत हडकुळी शेजारी बसवायची आणि कॉल नव्या सिस्टीमवरून करायचा. स्टिक दाखवून म्हणायचं, बघ, तुझं सगळं जपून ठेवलंय, कधीही ये. “कधीही ये” असं तोंडानं अजून एकदाही म्हटलेलं नाही मी. कधी येणार, एवढंच विचारत राहिलो. मूर्ख! माणसाला काय तारीख विचारतात?

खूप एकटं वाटतं. हे उद्या सांगणार आहे. लिहून ठेवलं म्हणजे मागे फिरता येणार नाही.

२३ ऑगस्ट, रविवार. सकाळी साडेनऊ.

उघडलं. हिच्या नावाखाली सगळी खोकी आहेत — नमुने, शिकवणी, मापं, फोटो. सगळी रिकामी. एक फाईल नाही. आधी वाटलं माझंच काही चुकलं. तीनदा बघितलं. बाजूला तारीख येते, शेवटचा बदल कधी झाला त्याची. चारही खोक्यांवर एकच — गेल्या वर्षी बारा जून, दुपारी चार.

तेराला सकाळी ही गेली. बारा जूनला मी दुकानात होतो. घरी आलो तेव्हा बॅग भरून झाली होती, चेन लागत नव्हती. मीच गुडघा टेकवून लावून दिली. म्हटलं, दोन महिन्यांसाठी एवढं कशाला गं?