‘अशिआ’ म्हणजे नुसता फोटो नव्हे

नादराताई,
कैरोहून तुला आणि आईला सलाम.

माझी केमो संपली, लिम्फोमाची गाठ विरली, म्हणून आईने गल्लीभर सरबत वाटलं म्हणे. घाई केलीत गं.

आता डॉक्टरांनी ‘अशिआ’ सांगितलीय. आपल्या अरबीत एक्स-रेलाही अशिआ, किरणांच्या शेकालाही अशिआ! मी फोटोच समजून हसत गेलो. डॉक्टर म्हणाले, “रिफअत, शेक द्यायचाय. औषध अंगभर फिरलं, पण छातीतली गाठ मोठी होती. तिथे चुकून काही दडून राहिलं असेल, तर ते पुन्हा डोकं वर काढेल.”

आईचे गुडघे कसे आहेत? तिला ‘अशिआ’ एवढंच सांग. फोटो कसा आला, विचारेलच. चांगला आला म्हण. जरा मोठ्याने म्हण, मलाही ऐकायचंय.

तुझाच,
रिफअत