नवसाचा कोंबडा

घाटघर,
१२ डिसेंबर १९९८

प्रिय ज्ञानू,

पुण्याकडं कामाला गेलेला कुंडलिक दिवाळीला गावी आला, त्यानं तुझा भोसरीचा पत्ता दिला. बापाचं अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस, पुढं वाच. तीन वर्षांनी लिहितोय. भात बरं झालं, नाचणी निघाली, आई हिंडती-फिरती आहे. आणि मी? मी कोंबडा राखतो. हसू नकोस.

तू गेलास त्याच आठवड्यात आई डोंगरावरच्या कळमजाईला नवस बोलली. माझा ज्ञानू उंबऱ्यात येऊ दे, हा तांबडा कोंबडा तुला देईन. त्याच्या पायात हळदीचा दोरा बांधला. देवाच्या नावानं सोडलेलं जनावर दिवसा कोंडायचं कसं? तो मोकळा हिंडतो आणि मी त्याच्या मागं. दिवसा मुंगूस, तिन्हीसांजेला रानमांजर. खुराड्याची भोकं दगडमातीनं बुजवली, भोवती करवंदीचे काटे रोवले, तरी दुपारभर गोफण घेऊन अंगणात बसावंच लागतं. शेजारचा चिमाजी येता-जाता विचारतो, काय हवालदार, मुद्देमाल ठीक हाय ना? लई राग येतो, पण जागचं उठता येत नाही.

दीड वर्षापूर्वी आई लावणीला गेलेली आणि मी जरा लवंडलो. मुंगसानं तेवढ्यात डाव साधला. गोठ्यामागं कोंबडा मरून पडलेला. नवसाचं जनावर असं गेलं म्हणजे देवीनं ते नाकारलं, असं आपल्याकडं मानतात. हे कळलं असतं तर आईनं अंथरूणच धरलं असतं. मी त्याला पुरला, दोरा सोडवून घेतला. नशीब, जुन्नरचा बाजार त्याच दिवशी होता. तसाच तांबडा कोंबडा एस.टी.तून आणला आणि त्याच्या पायात तोच दोरा बांधला. पण कसलं येडं पाखरू! खुराडं माहीत नाही, संध्याकाळ झाली की आंब्यावर चढून बसायचं आणि मी खाली काठी घेऊन. आई म्हणाली, म्हातारपणी इसरला वाटतं. मी मान डोलावली.

गेल्या महिन्यात रानमांजरानं तोही नेला, दोऱ्यासकट. पुन्हा बाजार गाठला. तिसऱ्याचं शेपूट काळं निघालं, पण मिळाला तो घेतला. खुराड्यात सोडून पाण्याला गेलो. परत येऊन दोरा बांधायला हात घातला तर पायात ओला पिवळा दोरा आधीच होता. आई ओटीवर नाचणी निवडत बसली होती. तिची बोटं हळदीनं पिवळी झाली होती. मी हातातला दोरा खिशात टाकला.

ज्ञानू, आईला वाटतं तू रागाच्या भरात निघून गेलास. तू एस.टी.त चढताना, परत तोंड दाखवू नको, असं मीच म्हणालो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. चुकलं माझं. मी दमलो रे, चौथा कोंबडा आणायचं त्राण आता नाही. येणार असशील तर ये, देवीचं देणं मी स्वतः डोंगरावर नेऊन देतो. येणार नसशील तर तसं आईला लिही, म्हणजे मी अंगणातून उठायला मोकळा. पण ते पत्र कुंडलिकच्या हाती धाड आणि त्यालाच आईला वाचून दाखवायला सांग. माझ्या हाती पडलं, तर त्यात काहीही असलं तरी मी तिला 'येतो' असंच वाचून दाखवीन.

तुझाच,
बा