एकाच पाठीवरचा सराव

४ फेब्रुवारी

प्रिय ठमे,
अनेक आशीर्वाद.

शिवणकारखान्यातून सुटल्यावर ताई आता उन्हात बसून स्वेटर विणेल असं तुला वाटलं असेल, तर विसर. मी मालिश शिकायला नाव घातलंय. हसू नकोस! वर्गातल्या मुली माझ्या लेकीच्या वयाच्या, पण स्नायूंची नावं पाठ करताना माझ्याइतक्याच रडकुंडीला येतात. आधी हाडं, स्नायू आणि कोणत्या आजारात अंगाला हात लावायचा नाही ते. मग आमच्या बाईंच्या देखरेखीखाली सराव. शेवटी अनोळखी माणसावर हात चालवून दाखवायचा. त्यात पास झालं तरच परवाना, आणि परवाना मिळाला तर कोपऱ्यावरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझी जागा पक्की.

घरी रोज यांच्यावर सराव चालतो. हे पालथे पडले की लगेच घोरायला लागतात. याहून मोठं प्रशस्तिपत्रक कोणतं? जन्मभर कात्री चालवलेले हात आहेत, मला काळजी नाही.

तुझी पाठ कशी आहे? लोभ आहेच, वाढवलास तर नको म्हणणार नाही.
तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र वाचून हसून हसून मुरकुंडी वळली. भावजींचं प्रशस्तिपत्रक काही खरं नाही, ते दाढी करतानाही घोरतात. पण तुझा हेवा वाटला गं. धाकधूकही वाटली. नापास झालीस तर महिनाभर कुणाला तोंड दाखवणार नाहीस, ओळखते मी तुला.

पाठ तशीच. ऑपरेशनला दोन वर्षं झाली, डॉक्टर म्हणतात हलकी मालिश करून घ्या. मी कुणाला बोटही लावू देत नाही. भीती वाटते, दुसरं काय!

राग नसावा, माया असावी.
ठमी

२२ मार्च

प्रिय ठमे,
अनेक आशीर्वाद.

नापास झाले. घे, दाखवलं तोंड! समोर पोस्टातल्या एक बाई होत्या. मी झोकात सुरुवात केली, तर परीक्षकांनी मधेच थांबवलं. त्यांनी विचारलं, यांचा डावा खांदा इतका का रगडताय, तिथे तर यांना काहीच होत नाही. मी हात काढून घेतले. अगं, डावा खांदा यांचा दुखतो, आपल्या घरच्यांचा! समोर कुणीही असो, माझे हात आपले यांचंच अंग धरून चालले होते. आमच्या बाई म्हणाल्या, एका माणसाची मालिश तुम्हाला उत्तम येते, आता दुसऱ्याची शिका.

पोटभर रडले, मग चहा केला. पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा आहे. बसणार म्हणजे बसणारच.

मायेला आज जरा जास्तच जागा आहे.
ताई

२७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

शनिवारी येतेय. पाठ घेऊन. डॉक्टरांची चिठ्ठीही आणते, नाहीतर तू हात लावायची नाहीस. मी ओरडेन, पळून जाईन, आधीच सांगून ठेवते. तरी येते. तू इथवर येऊन अडून बसलेली मला बघवणार नाही.

बाकी समक्ष. जीव लावत राहा.
ठमी

२५ एप्रिल

प्रिय ठमे,
अनेक अनेक आशीर्वाद.

पास! या खेपेला एक ट्रक ड्रायव्हर होता, अंग लाकडासारखं ताठ. मी आधी सगळं विचारून घेतलं. मग पाठीवर नुसते हात ठेवले आणि थांबले. परीक्षक घड्याळ बघायला लागल्या तरी थांबले. त्याने श्वास सोडला, मग कुठे जायचं ते हातांना कळलं. नंतर त्या म्हणाल्या, थांबा म्हणून वर्गात आम्ही सगळ्यांनाच सांगतो, पण कुणाला धीर निघत नाही, तुम्ही हे कुठे शिकलात? मी सांगितलं, बहिणीकडे.

त्या शनिवारी तू रडायला लागलीस, तेव्हा मी झटकन हात उचलले. वाटलं, दुखवलं मी हिला. तू उशीत तोंड खुपसून म्हणालीस की दुखत नाहीये, दोन वर्षांत कुणी हात ठेवला नव्हता म्हणून रडतेय. ठमे, तेव्हा मी परीक्षा साफ विसरले होते, पुन्हा हात ठेवून तुझं रडणं सरेपर्यंत नुसती थांबले होते.

सोमवारपासून दवाखान्यात जातेय. तिथे कुणाला माझ्याकडे पाठवायचं ते त्यांनी ठरवावं, रविवार मात्र तुझा. भीती वाटली तरी ये. मी थांबेन.

तुझीच,
ताई