उखाण्यातली नावाची जागा

माय, त्या सकाळी तू अंगण सारवत होतीस आणि मी शेणाची पाटी घेऊन तुझ्या मागे मागे सरकत होते. सत्तर सालच्या आसपासचा उन्हाळा, आसेगावचं घर, माझं लग्न आठ दिवसांवर. तुला अक्षरओळख नव्हती, पण आळीतल्या सगळ्या नवऱ्या मुलींचे उखाणे तूच करायचीस. माझा तू हाताच्या फेऱ्यासोबत म्हणून दाखवलास:

तुरीच्या शेंगेत दाणे चार,
………… नाव घेते, सोडा आता दार.

मी चौथी शिकलेली. बोटांवर अक्षरं मोजली आणि म्हटलं, "माय, खालची ओळ लांब झाली." हात न थांबवता तू म्हणालीस, "नाव नको मोजू व. त्याले लागन तितकी जागा लागू दे." मला ते अडाणी बोलणं वाटलं. सासरी नणंदांनी दार अडवलं, तेव्हा ओळ आखूड व्हावी म्हणून मी नाव घाईने उरकलं. "काहून व वयनी, आमच्या भावाले गिळून टाकता काय?" सगळ्या हसल्या. माहेरी आल्यावर मी तुला म्हणाले, तुझ्या उखाण्यातच खोट होती. "असन माय," म्हणून तू चुलीकडे वळलीस. वर्षभरात तू गेलीस, आणि ते बोलणं तसंच राहिलं.

आता वाशीमच्या वाचनालयातून छंद-वृत्तांचं पुस्तक आणलं आहे. वाचायची सवय हे गेल्यानंतरची. तूर निवडता निवडता वाटलं, तुझा उखाणा तपासून पाहावा. एका अक्षराला एक दाणा ठेवला. वर दहा, खाली सोळा. मग नावाचे सहा दाणे बोटाने बाजूला सरकवले, तर खालीही दहाच. टोकाला चार आणि दार. ओळीत अशी मोकळी जागा ठेवायचा नियम पुस्तकात मला कुठे सापडला नाही. तू हे मोजून केलंस, की हाताच्या फेऱ्याने आपोआप बसलं? कुणाला विचारू?

खोट तुझ्यात नव्हती, माय. मी नाव मोजत बसले.

हे वहीतच राहील. विधवेला उखाणा घे म्हणून कोणी म्हणत नाही. हे गेल्यापासून त्यांचं नाव मी एकदाही घेतलेलं नाही. वरही जागा कोरीच सोडली आहे.

एवढं लिहून मी वही मिटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण सारवताना मी तो उखाणा म्हटला. नाव सावकाश घेतलं.