वाटा खाल्लेला पाणकोळी

तारापूर,
होळीच्या आदल्या आठवड्यात, १९६७

प्रिय रामास,

नलूबायचा आशीर्वाद. हवा असेल तर घे, नसेल तर राहू दे बाजूला, मी काही परत मागणार नाही.

तारापुराहून बोईसर ते काय, सकाळी टोपली डोक्यावर घेऊन निघालेली बाई ऊन चढायच्या आत पोचते. तरी पत्र लिहायची वेळ तू आणलीस. बहिणीनं नोकरी घालवली, आता मला बहीण नाही, असा निरोप तू शेजारच्या जानूच्या तोंडी पाठवलास. बिचारा सांगताना माझ्याकडं बघत नव्हता, उगाच जाळ्याच्या गाठी चाचपत होता. त्याच्याच हाती हे उत्तर देते आहे. पहिल्यांदाच सांगून टाकते, मी माफी मागायला बसलेली नाही. तुझ्या साहेबानं तुला काय सांगितलं ते ठाऊक नाही, पण जे झालं ते माझ्याकडून ऐक आणि मग काय रुसायचं ते रूस.

थंडीत खाडीवर पाणकोळी पक्षी उतरले होते ते तुला माहीत आहे. आपल्याच माणसांसारखे ओळीनं पाण्यात शिरतात, अर्धं रिंगण धरतात आणि मासळी उथळात हाकून आणतात. आपल्या होडीचा म्होरक्या, झिपरू तांडेल म्हणतो, यांना जाळं विणायला नको की वाळवायला नको, झोळी गळ्यातच. त्यातल्या एकाचा पंख आपल्या डोल जाळ्याच्या दोरात अडकला. झिपरूनं दोर कापून त्याला होडीत घातलं आणि किनाऱ्यावर आणून माझ्यापुढं टाकलं. पंख मोडला नव्हता, नुसता लचकला होता, पण उडता येईना. उभा राहिला की माझ्या कमरेच्या वर येत होता. चोचीच्या टोकाला आकडा असतो, त्यानं पहिल्याच दिवशी माझं मनगट फोडलं. वास असा, की आपल्याला, मासळीत जन्मलेल्यांनासुद्धा, नाकाला पदर लावावा लागे. आईनं पहिल्या दिवशी त्याला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी बोये मासे घातले. मग तर तो तिच्या मागं मागं डुलत चालायचा आणि गावातली कुत्री लांबून भुंकायची.

एकदा माझी टोपली रिकामी होती. होडी लागलेली, वाळूवर मासळीचे वाटे मांडलेले, आणि हा भुकेनं झोळी फडफडवत उभा. माझं डोकं फिरलं. समोरचा एक वाटा उचलला आणि त्याच्यापुढं ओतला. ओतल्यावर कळलं, तो झिपरूचा होता. सगळे खलाशी ओरडले. झिपरूनं मला अशी शिवी दिली की इथं लिहीत नाही. पण करतो काय? किनाऱ्याची रीतच आहे, एकदा घातलेला वाटा कोणी माघारी घेत नाही, आणि ज्यानं वाटा खाल्ला तो होळीपर्यंत त्या होडीचा माणूस. शेवटी तोच हसायला लागला, म्हणाला, खलाशी वाढला, आता वल्हवायला शिकवा. तेव्हा ती थट्टा होती. पण त्या दिवसापासून त्याचा वाटा रोज निघू लागला.

आणि तू एक दिवस घाईत आलास, त्याला लांबूनच पाहिलंस आणि तुझ्या साहेबाला, खंडेराव ठेकेदाराला जाऊन सांगितलंस. त्याच्या बंगल्यात हौद आहे, पाहुणे येतात, तिथं हा पक्षी शोभेल. पंख छाटले की जातोय कुठं? त्या बदल्यात तुला कायमचा मुकादम करायचं ठरलं. ज्याला तू एक मांदेली घातली नाहीस, तो देऊन मोकळा झालास. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला तुझ्याकडून शिकावं.

खंडेराव माणूस वाईट नाही. जीपमधून उतरला, वाळूत बूट काढले, आईला नमस्कार केला. बरोबर दोन माणसं, दोर, खोका आणि कात्री. मी पक्ष्याच्या पुढं जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, रामानं शब्द दिलाय. मी म्हटलं, रामानं स्वतःचं काही द्यावं, हा त्याचा नाही. त्यानं मला बाजूला व्हायला सांगितलं. मी झाले नाही. मग त्यानं माणसांना खूण केली, तेव्हा झिपरू उठला. त्याला त्या पक्ष्याचं प्रेम नव्हतं बरं का, त्याच्यापायी रोज एक वाटा कमी पडत होता. पण उठला आणि म्हणाला, “यानं वाटा खाल्लाय, सायेब. वाटा खाल्ला तो आमचा खलाशी. आमी खलाशी इकत नाय.”

साहेब हसला. दुसरं कोणी हसलं नाही. हातातली जाळी खाली टाकून सगळे खलाशी झिपरूमागं येऊन उभे राहिले. खंडेरावानं वाळूसकट बूट घातले आणि जीपमध्ये बसता बसता सांगितलं, रामाला म्हणावं, उद्यापासून यायची गरज नाही.

रामा, खोटं कशाला बोलू? ‘न्या’ एवढ्या एका शब्दानं त्याला थांबवता आलं असतं, दोर अजून त्याच्या माणसांच्या हातातच होता. मी तो शब्द बोलले नाही. आई मटकन वाळूत बसली. पाखरापायी लेकाची भाकर घालवलीस, एवढंच म्हणाली आणि मग माझ्याशी बोलेनाच. मी रांधलेलं तेवढं खात होती.

परवा दुपारी भरतीला तो उडाला. पाण्यावरून आधी धावत गेला, जड, बेढब, वाटलं पडतोच आता. मग उचलला गेला. मागं वळून पाहिलं वगैरे काही नाही, सरळ गेला. मी रडले. आईनं ते पाहिलं आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. विचारलं, पाखरू गेलं, नोकरी गेली, मग तू मिळवलंस काय? तिला उत्तर दिलं नाही. तुला देते आहे, त्याचसाठी हे पत्र.

माकुणसारला मी नांदत होते तेव्हा नवरा मारायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा म्हणत, मी शब्द दिलाय, ती तिथंच राहील. आईसुद्धा गप्प होती. आणि तू, मिसरूडही न फुटलेला, एकटा चालत आलास, माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेतलीस आणि माझ्या सासऱ्याला तोंडावर सांगितलंस, “सबूद बाबांचा, जीव तिचा. माजी बाय कुनाच्या दावनीला बांदाची नाय.” घरी आल्यावर बाबांनी तुला वल्ह्यानं मारलं. तू मार खाल्लास, पण मला परत पाठवू दिलं नाहीस. त्या दिवशी खंडेरावापुढं उभी होते ना, तेव्हा तुझ्याच जोरावर उभी होते. मुकादमी दुसरीकडे मिळेल, नाही मिळाली तर तोवर माझी टोपली तुलाही पोसेल. होळीला ये. आणि बहीण नाही असं म्हणायचंच असेल तर जानूच्या तोंडून नको. इथं ये, माझ्यासमोर उभा राहा आणि म्हण. बघते कसा म्हणतोस ते.

तू म्हण अथवा न म्हण, तुझीच,
नलूबाय