एका माणसाचं शिष्टमंडळ

ता. ३ मार्च

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. काकांनाही, त्यांना चष्मा सापडला असेल तर.

पत्र हातानं लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. टाइप केलेलं पत्र तुला लॅबच्या रिपोर्टासारखं वाटतं, हे निघताना तू मला चांगलंच बजावलं होतंस.

सुखरूप पोचले. खोली लहान आहे, पण गरम पाणी येतं. आपल्या देशाची इथे कचेरी नाही, त्यामुळे कँटीनमधलं खांबामागचं टेबल हीच माझी वकिलात. छोट्या आणि गरीब देशांच्या माणसांना इथल्या मानवी हक्कांच्या बैठकांना येता यावं म्हणून एक निधी आहे, त्यातून माझं तिकीट आणि राहणं निघालं. आधी आठवडाभर शिकवणीही झाली. शिकवणाऱ्या बाई निवृत्त राजदूत आहेत, आणि कडक म्हणजे तुझ्या वॉर्डात शोभतील अशा. त्या म्हणाल्या, मोठ्या सभागृहातली भाषणं फोटोपुरती असतात. खरं काम बाजूच्या खोल्यांत चालतं. तिथे ठरावाचा मसुदा ओळीओळीनं वाचतात, आणि जो खोलीत नसतो त्याची ओळ आधी उडते.

काल पहिल्यांदा आपल्या देशाच्या पाटीमागे बसले. पाठीमागच्या खुर्च्या रिकाम्या. शेजारच्या देशाचा एक जण बोलतो, दुसरा लिहून घेतो, तिसरा नुसता मान डोलावतो. दारावरच्या माणसानं अदबीनं विचारलं, उरलेलं शिष्टमंडळ कधी येणार? मी सांगितलं, सगळं आलंय.

आता कामाचं. परदेशात घरकामाला जाणाऱ्या बायकांबद्दल या वेळी ठराव येतो आहे. त्यात एक परिच्छेद मी सुचवलाय, की त्यांचा पासपोर्ट मालकानं ठेवून घेऊ नये, तो बाईकडेच राहावा. शिंपीणकाकूंची थोरली मुलगी अशीच कामाला जाऊन तिकडे अडकली आहे. वडील गेले तेव्हा मालकानं पासपोर्ट दिला नाही, म्हणून तिला येता आलं नाही. तिची हकिगत नाव न घेता सभेत सांगितली तर चालेल का, हे काकूंना विचारशील? मनाई केली तर मी सांगणार नाही.

आईला फोन केला आहे. तुझी माया अशीच राहू दे, ओरडणं थोडं कमी केलंस तरी चालेल.

तुझी,
भिंगरी

ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. काकांचेही, चष्मा कपाळावर होता.

सगळ्या देशाच्या वतीनं एकटी बसलीस, हे वाचून काकांची छाती फुगली. दुकानात रेडिओ दुरुस्तीला आलेल्या प्रत्येकाला ते ऐकवतात. एका गिऱ्हाइकानं विचारलं, मग आमचा रेडिओ कधी?

शिंपीणकाकूंकडे गेले होते. मी बोलत होते आणि त्यांचं मशीन चालूच होतं. हो नाही की नाही नाही. मी उठून आले. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वॉर्डात आल्या आणि म्हणाल्या की पोरीला फोन लावला होता, मालकीण बाजारात असताना. पोर म्हणाली सांगू दे, फक्त माझं शहर सांगू नको. काकूंना धास्ती आहे, आणि ती मला तुझ्यापासून लपवायची नाही. तेव्हा तोंड उघडशील ते नीट विचार करून.

माझ्याकडची खबर चांगली आहे. बाळंतिणींच्या नव्या वॉर्डाचे खांब उभे राहिले. तो बांधून देणाऱ्या त्या मोठ्या देशाचे इंजिनीअर रोज येतात, माप घेतात, मला सलाम करतात. आत्ता एका खाटेवर दोघी दोघी झोपतात, हे तू पाहिलंच आहेस. मी निवृत्त व्हायच्या आत प्रत्येकीला स्वतःची खाट द्यायची, एवढीच माझी हाव.

उपाशी राहू नकोस. इकडचा जीव तुझ्यात अडकलेला असतो, हे विसरू नये.

तुझी मावशी

ता. १७ मार्च

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार, आणि हे पत्र बसून वाच.

आधी बरं तेवढं सांगते. एकाच वेळी तीन खोल्यांत बैठका असतात आणि मी तर एकच. मग कँटीनमध्ये ओळखी केल्या. डोंगराळ देशाचा एक उंच गृहस्थ आहे, बेटांवरच्या एक हसऱ्या बाई आहेत. ते दोघंही माझ्यासारखेच एकटे. आम्ही खोल्या वाटून घेतल्या. जेवताना एकमेकांना सांगतो कुठे काय शिजलं. माझी ओळ कापायला निघाले होते तेव्हा मी दुसरीकडे होते, पण उंच गृहस्थानं हात वर करून ती धरून ठेवली. त्याला आता आम्ही खुंटी म्हणतो.

मावशी, थोरली ज्या देशात अडकली आहे तोच देश तुझा वॉर्ड बांधतो आहे. हे मला माहीत होतं. पण ते असं समोर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. त्यांच्या राजदूतांनी मला चहाला बोलावलं. फार गोड माणूस. माझ्या कामाचं कौतुक केलं, मग म्हणाले की तो परिच्छेद त्यांच्या लोकांच्या मनाला लागतो. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, तुमच्याकडच्या हॉस्पिटलचं काम कुठवर आलंय? बस, इतकंच. धमकी म्हणता येणार नाही असं विचारलं.

आज आपल्या परराष्ट्र खात्याकडून निरोप आला, परिच्छेद मागे घ्यावा. खरं तर हे तुला सांगायला नको. पण वॉर्ड तुझा आहे, बायकाही तुझ्याकडेच येतात, जाण्याआधी तपासणीला आणि परत आल्यावर उपचाराला. तुझ्या पाठीमागे मी हा सौदा कसा करू? मत न देता बाहेर निघून जायचीही सोय असते. पाणी प्यायला गेल्यासारखं. ती सोय मला नको आहे, पण तुझ्या खाटांवर उभं राहून शूर व्हायचंही नाही.

मतदान पुढच्या आठवड्यात आहे. रागाव, पण लिही.

तुझी,
भिंगरी

ता. २० मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. रागावले आहे, पण तुझ्यावर नाही.

पत्र वाचून मी वॉर्डात एक फेरी मारली. खिडकीजवळच्या खाटेवर एक पहिलटकरीण आणि एक तिसऱ्या खेपेची, पाठीला पाठ लावून. मला रडू आलं, ते खोटं का सांगू. मग कोपऱ्यातल्या बाईकडे लक्ष गेलं. तिकडूनच परत आलेली, हातावर इस्त्रीचा डाग. तो कसा झाला ते अजून सांगत नाही. मी चार्ट ठेवला, साडी बदलली आणि मंत्र्यांकडे गेले; परराष्ट्र आणि आरोग्य, दोन्ही खाती त्यांच्याकडेच आहेत. शिंपीणकाकूंना बरोबर घेतलं. माझ्या दोन नर्सही रजा टाकून आल्या.

सचिव म्हणाले साहेब कामात आहेत. आम्ही म्हणालो आम्हालाही कामं आहेत, पण बसतो. चहा आला तो प्यायलो, दुसरा आला तोही. शेवटी आत घेतलं. मंत्री वाईट माणूस नाही, घाबरलेला आहे. म्हणाले, सिस्टर, वॉर्ड गेला तर माझ्याकडे रडत यायचं नाही. मी म्हणाले रडत येणार नाही, मागायला येईन, आणि दर आठवड्याला येईन, कारण खाटा देणं हे तुमचं काम आहे, त्यांचं नाही. काकूंनी एकच गोष्ट विचारली. घरचा माणूस गेल्यावर तुम्हाला सुट्टी मिळाली होती का?

मंत्री हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. नवा निरोप पाठवतो म्हणाले. तो कसाही येवो, खाटांचं ओझं तू डोक्यावर घेऊ नको. ते माझ्याकडे राहू दे, माझ्या खांद्यांना सवय आहे.

खोलीबाहेर पाणी प्यायला जाऊ नकोस. बाटली आत ने.

माया आहेच, ती मोजत बसू नये.

तुझी मावशी

ता. २८ मार्च

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार, आणि काकांना मोठ्यानं वाचून दाखव.

खात्याचा निरोप आला तो असा, की प्रतिनिधीनं आपल्या विवेकानुसार वागावं. म्हणजे जमलं तर सरकारचं, फसलं तर माझं. मला तेवढंही पुरे होतं.

त्यांनी परिच्छेद सरळ उडवला नाही. त्यात एक शब्द घालायला सुचवला. पासपोर्ट शक्यतो बाईकडे राहावा. शक्यतो! काका गिऱ्हाइकाला रेडिओ शक्यतो शनिवारी देतात, तो शब्द. दिसायला किती सभ्य. बरेच जण थकलेले होते, मान डोलवायला लागले. मी पाटी उभी करून बोलायला मागितलं. थोरलीची हकिगत सांगितली, शहर नाही, देश नाही. बाप गेला, पासपोर्ट कपाटात होता, किल्ली मालकिणीच्या कमरेला. मग विचारलं की या शब्दानं ते कपाट उघडतं का? कोणी सांगितलं तर मी आत्ता हा शब्द मान्य करते.

मग खुंटी बोलला, बेटांवरच्या बाई बोलल्या, आणि मग मी कधी भेटलेही नव्हते अशा छोट्या देशांच्या पाट्या एकेक करून उभ्या राहायला लागल्या. मतदान झालं. तो शब्द पडला, परिच्छेद राहिला. थोडक्यात वाचला, पण वाचला.

ठराव म्हणजे कायदा नव्हे, हे मला ठाऊक आहे, काकूंनाही सांग. गोड राजदूत माझ्याशी बोलले नाहीत. पण त्यांच्या शिष्टमंडळातली एक तरुण बाई नंतर जिन्यात थांबली आणि हळूच म्हणाली, त्या मुलीचा पत्ता मला द्याल का? देऊ का, मावशी? पोरीला विचारून कळव. आणि वॉर्डाचंही. जे असेल ते खरं.

लोभ आहे हे माहीत आहे, तरी लिहून पाठव.

तुझी,
भिंगरी

ता. १४ जून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. फोनवर निम्मंच सांगितलं, उरलेलं लिहिते.

वॉर्डाचं काम थांबलं ते थांबलंच. इंजिनीअर निरोप घ्यायला आला होता, बिचारा मान खाली घालून. मी मंत्र्यांकडे दर आठवड्याला जाते. गेल्या खेपेस त्यांना वॉर्डात घेऊन आले आणि खिडकीजवळच्या खाटेपाशी उभं केलं. अर्ध्या खोल्या तरी सरकार पुऱ्या करील असं कबूल केलंय. शक्यतो म्हणाले. मी तो शब्द तिथल्या तिथे काढायला लावला.

थोरली परवा आली. तिच्या होकारानं जिन्यातल्या त्या बाईला पत्ता दिल्यावर त्यांच्या कोणत्याशा अधिकाऱ्यानं मालकिणीचं दार वाजवलं, आणि पासपोर्ट तिच्या हातात आला. काकू तिला धरून किती वेळ उभ्या होत्या. ती आधी वडिलांच्या खुर्चीत जाऊन बसली. मग झोपली. जेवायलाही उठली नाही.

आज माझ्याकडे तपासणीला आली आणि म्हणाली की मी पुन्हा जाणार आहे. काकूंनी डोक्याला हात लावला. मी समजूत घालावी म्हणून माझ्याकडे बघायला लागल्या. पोर शांत होती. म्हणाली, कामाला मी कधीच भ्याले नव्हते, मावशी. मला फक्त हवं तेव्हा घरी येता यायला हवं होतं. दुसरं घर बघितलंय, आणि या वेळी पासपोर्ट कोणाला देणार नाही. मी तिचं ब्लड प्रेशर घेतलं, ते माझ्यापेक्षा चांगलं निघालं. समजूत घातली नाही.

आता तुझं. तुम्ही तिघं मिळून तिथे कचेरीसाठी एक खोली घेणार, तीन देशांच्या तीन पाट्या आणि टेबल एकच, असं तू लिहिलंस, आणि घरी यायचं की राहायचं ते मला विचारलंस. तुझी आई म्हणते ये. काका म्हणतात ये. मलाही तेच वाटतं, पण मला काय वाटतं ते तू विचारलं नाहीस, काय करू ते विचारलंस. राहा. खोली घे. ती पोर पुढच्या महिन्यात निघते आहे, आणि तिच्यासारख्या कितीतरी निघणार आहेत.

तिकडे टेबल लागलं की कळव. मी तोवर मंत्र्यांकडे जाऊन येते.

तुझी मावशी